स्पॉन्सरशिपचा तो एक चौकोन

शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. जेवणाच्या रांगेत वाढायला जी पोरं उभी होती, त्यातली निम्मी तरी एमएसला आलेली. श्रीखंड वाढता वाढता त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "काका, तुमच्या कंपनीत ओपीटीवाले घेतात का हो?" मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, "रेझ्युमे पाठव, बघतो."

रात्री रेझ्युमे उघडला आणि झोप उडाली. बॅटरीच्या थर्मल मॅनेजमेंटवर प्रोजेक्ट, त्याच विषयात समर इंटर्नशिप. माझ्या टीमला गेले सहा महिने असाच माणूस मिळत नाहीये. खालचं वाक्य तर त्याहून वाईट: "काका, मी ऑगस्टमध्ये याच जागेसाठी अप्लाय केलं होतं, दुसऱ्या दिवशी रिजेक्ट आला."

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे कोणी वाचलंसुद्धा नाही. अर्जात एक प्रश्न असतो: आता किंवा पुढे कधी व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का? पोराने खरं उत्तर दिलं, 'हो'. सिस्टीमने बाजूला काढला. आणि तो फिल्टर लावा असं चार वर्षांपूर्वी एचआरला सांगणारा मीच. अर्ज फार येत होते, चाळायला वेळ नव्हता. कायद्याने यात काही चूक नाही, असा प्रश्न विचारता येतो आणि त्यावरून नाकारताही येतं. मी स्वतः एफ-१ वर आलो होतो, एवढंच.

डेट्रॉइट परिसरात आपल्यातले कितीतरी जण आज मॅनेजर आहेत, मुलाखती घेतात, जागा मंजूर करून घेतात. त्यातल्या बहुतेकांना (मलाही, परवापर्यंत) अशा विद्यार्थ्याला घ्यायला नक्की काय करावं लागतं हे धड माहीत नाही. एच-१बीतून स्वतः गेलो होतो, त्याची धास्ती तेवढी डोक्यात राहिलीये.

इंटर्नशिपसाठी, म्हणजे सीपीटीवर, कंपनीने द्यायचं असतं एक ऑफर लेटर. परवानगी विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस आय-२० वर देतं. यूएससीआयएसकडे जावं लागत नाही, फी नाही, वकील नाही. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीसाठी अर्ज विद्यार्थी करतो, फीही तोच भरतो. कार्ड आलं की कंपनीने बाकी सगळ्यांसारखा आय-९ भरायचा. इंजिनिअरिंगसारख्या स्टेम विषयात आणखी २४ महिने मिळतात. तिथे मात्र कंपनीला काम आहे: ई-व्हेरिफायमध्ये नाव हवं आणि आय-९८३ नावाचा ट्रेनिंग प्लॅन भरून सही करायची. तो फॉर्म मी काल पूर्ण वाचला. एका बैठकीत होतो.

म्हणजे तीन वर्षं. तीन मार्चच्या तीन लॉटऱ्या. नोंदणीची फी सध्या २१५ डॉलर. नंबर लागला तरच पुढची फी आणि वकील, म्हणजे आणखी काही हजार डॉलर. उलट एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापत नाहीत, त्यामुळे कंपनीच्या वाट्याचे ७.६५ टक्केही वाचतात. (ही सवलत असावी का यावर इथे वाद आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. कोणाला सवलतीसाठी घेऊ नका.)

आता एक लाख डॉलरचं. सप्टेंबरमधल्या घोषणेनंतर सगळीकडे एकच घबराट. पण २० ऑक्टोबरला यूएससीआयएसने जो खुलासा केला तो फार कमी जणांनी वाचलाय. इथेच असलेला विद्यार्थी एफ-१ वरून एच-१बीवर स्टेटस बदलून घेत असेल आणि ते मंजूर झालं, तर ती फी त्याला लागू नाही. नियम उद्या बदलतील, ओपीटीच बंद करायची भाषाही चालू आहे. पण आजच्या अर्जावर आजचा नियम लावा ना.

एक आक्षेप मला पटतो: तीन वर्षं शिकवायचं आणि लॉटरीत नंबर लागला नाही तर माणूस गेला. खरंय. मग मी माझ्या टीमचा हिशेब काढला. गेल्या सहा वर्षांत घेतलेल्या फ्रेशर्सपैकी, ज्यांना व्हिसाची काही भानगडच नव्हती त्यातले, तीन वर्षं टिकले फक्त दोन. आणि आपल्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं पुण्यात ऑफिस आहे. नाही लागला नंबर तर पोरगा तिथून तेच काम करेल, वर्षभराने एल-१ चा विचार करता येईल.

दुसरी बाजू बघा. ओपीटीवर बेकारीचे एकूण ९० दिवस मिळतात, त्यापुढे स्टेटस जातं. याच भीतीने पोरं 'कन्सल्टन्सी'वाल्यांच्या तावडीत सापडतात. ते रेझ्युमेवर खोटा अनुभव चढवतात, कागदावर नोकरी दाखवतात, वर पैसेही घेतात. पुढे एच-१बीच्या वेळी हेच बाहेर येतं आणि सगळं अंगाशी येतं. मग आपणच मंडळाच्या कट्ट्यावर म्हणतो, "आजकालची मुलं शॉर्टकट मारतात." अरे, सरळ रस्त्यावर फाटक कोणी लावलं?

गैरसमज नको. मराठी आहे म्हणून घ्या असं मी म्हणत नाहीये, इथल्या कायद्यात ते बसतही नाही. इथे वाढलेला मुलगा सरस असेल तर त्यालाच घ्या, तेही आपलेच पोरगे आहेत. फक्त रेझ्युमे माणसाने वाचावा, एवढंच.

काल सकाळी एचआरकडे गेलो. 'आपली पॉलिसी आहे,' त्या म्हणाल्या. कुठे लिहिलीये विचारलं तर कुठेच नाही. माझीच चार वर्षांपूर्वीची ईमेल निघाली! ई-व्हेरिफायमध्ये कंपनी आधीपासूनच आहे. फिल्टर काढलाय, त्या मुलाची मुलाखत गुरुवारी आहे. पॅनेलवर मी बसणार नाही, दुसरे तिघे घेतील. जमेल की नाही, माहीत नाही.

त्याची ओपीटी १ ऑक्टोबरला सुरू झाली. आज ४१ वा दिवस. सांगलीला वडिलांनी घर तारण ठेवून ४२ लाखांचं कर्ज काढलंय, हे त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या रूममेटकडून कळलं.

तुमच्या कंपनीत तो चौकोन कोणी लावलाय, या आठवड्यात विचारून बघा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. एचआरला दाखवायला आय-९८३ आणि २० ऑक्टोबरचा खुलासा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.