पाऊस मोजला, थेंब तपासला नाही

आज १ जुलै, वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषिदिन. अहिल्यानगर जिल्ह्यात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे : पाऊस किती झाला? तो कसा झाला, हे आम्ही आज मुद्दाम विचारतो आहोत.

स्वच्छ पाऊसही किंचित आम्लच असतो. त्याचा सामू ५.६ च्या आसपास. कोळशाच्या धुरातले गंधक आणि वाहनांचा धूर मिसळला की तो आणखी उतरतो. असा पाऊस वारंवार पडला की पानावरचा मेणाचा थर झिजतो, आतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन जाते. रोप मात्र निमूट बसत नाही. मुळांवाटे ते ही द्रव्ये पुन्हा वर ओढते, पेशींत शिरलेले आम्ल मारते, संरक्षक विकरे वाढवते, फारच झाले तर जुने पान गाळते. या दुरुस्तीत दाण्यात भरायची साखर खर्ची पडते. पानावर डाग दिसला नाही म्हणून नुकसान झाले नाही, असे समजणे म्हणूनच धोक्याचे.

राहुरी-कोपरगावकडच्या शेतकऱ्याचे दुखणे उलटे आहे. चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो. तोच चुना मुळांना आम्लापासून वाचवतो. हवेतली चुनखडी धूळही पावसातले आम्ल मारते. ही धूळ छातीला घातक, ती कमी व्हायलाच हवी. पण धूळ घटली आणि गंधक तेवढेच राहिले, तर थेंब आम्ल होणारच. कोळशाच्या वीजकेंद्रांवर २०१५ मध्ये घातलेल्या गंधकाच्या मर्यादेतून २०२५ च्या जुलैत बहुतेक केंद्रांना सूट मिळाली, ती आम्हाला म्हणूनच खटकते.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडे, चुन्याचे हे कवच नाही. तिथल्या मुसळधार पावसाने तो केव्हाच धुऊन नेला. मातीचा सामू ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांची टोके खुंटतात. गव्हाचे काही वाण मुळांतून मॅलिक आम्ल सोडून ते जखडून ठेवतात. भातही बराच चिवट. पण कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रानातली झाडे पावसाळाभर धुक्यात भिजतात, आणि धुके पावसाहूनही आम्ल असू शकते. त्या झाडांचे काय?

पावसाचे रसायन तपासणारी हवामान खात्याची केंद्रे पुण्यात आणि नागपुरात आहेत. आपल्या महसूल मंडळांतली स्वयंचलित केंद्रे पाऊस, तापमान, वारा मोजतात, सामू नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भंडारदऱ्याला पावसाचे आणि धुक्याचे नमुने घ्यायला याच हंगामात सुरुवात करावी. खर्च फार नाही. हवीत स्वच्छ भांडी, सामूमापक आणि रोज नोंद ठेवणारा माणूस. ती नोंद अकोल्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.