त्रिस्सिनो ते लोटे

सणासुदीला पहिल्याच पानावर सांडपाणी काढून बसलात, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या विचेन्झाच्या न्यायालयाने एक निकाल दिला. त्याचा धागा थेट कोकणापर्यंत येतो, म्हणून हे पान त्यालाच दिले आहे.

विचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता. तिथे ‘पीफास’ गटातली रसायने बनत. तव्याला अन्न न चिकटणे, कापडावर पाणी न टिकणे, ही सगळी करामत याच गटाची. २०१३ मध्ये उघड झाले की तिथल्या भूजलात ही रसायने दूरवर पसरली आहेत. तीन लाखांहून अधिक लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि जून २०२५ च्या त्या निकालात अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांचा कारावास सुनावला गेला.

रसायन पाण्यात गेले की कालांतराने विरून जाते, अशी आपली समजूत असते. डीडीटी या कीटकनाशकानेच ती खोटी पाडली होती. आपल्या रायगडातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षे तयार होत असे. मातीत त्याचे विघटन होते खरे, पण त्यातून निघणारे डीडीई आणखी चिवट असते आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करते. उष्ण प्रदेशातून या जातीची रसायने हवेत उडतात आणि थंडीत खाली बसतात; म्हणूनच शेती न करणाऱ्या आर्क्टिकमधल्या इनुइट मातांच्या दुधातही ती सापडली.

पीफासची तऱ्हा वेगळी. डीडीटी चरबीत साठते, हे रक्तातल्या प्रथिनांना बिलगते. त्यातला कार्बन आणि फ्लोरीनचा बंध सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत बळकट बंधांपैकी. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काय होते, तर टाकीत हवा सोडतात, जिवाणू वाढतात, घाण खातात, गाळ तळाला बसतो आणि वरचे पाणी पुढे सोडले जाते. या बंधापुढे त्या जिवाणूंचे काही चालत नाही. गटातली काही रसायने तिथे अर्धवट तुटतात आणि अधिक टिकाऊ रूप घेऊन बाहेर पडतात. कोळशाच्या गाळणीत ती अडकतात, पण मग तो कोळसा प्रचंड तापमानाला जाळावा लागतो.

आता कोकण. मितेनीची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आली. सगळे नियम पाळतो, असे ती घेणारी कंपनी सांगते. पाळतही असेल. पण पिण्याच्या पाण्यातल्या पीफासला आपल्याकडे बंधनकारक मर्यादाच नाही, मग नियम पाळला याचा अर्थ काय घ्यायचा?

दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांना लोट्याचे सांडपाणी नवे नाही. पाण्याला रंग आला, फेस आला, मासे मरून वर आले की ते ओरड करतात, पंचनामा होतो, नमुने जातात, चार दिवस बातम्या येतात. आपली सगळी यंत्रणाच डोळ्यांवर आणि नाकावर चालते. पीफासला ना रंग, ना वास. मासा मरत नाही, म्हणून कोणी ओरडतही नाही. त्रिस्सिनोतही पाणी नितळच होते. मोजमाप झाले तेव्हाच कळले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लोट्याच्या भोवतालच्या गावांतल्या विहिरी, ओढे आणि खाडीचा गाळ यांचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाने आताच घ्यावेत, पीफाससाठी तपासावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. पुढे दरवर्षी त्याच जागांवरून पुन्हा घ्यावेत. आज काय आहे याची नोंदच नसेल, तर वीस वर्षांनी न्यायालयात कोणाला काही सिद्ध करता येणार नाही.