बर्मी, मंगोल आणि आपला मराठीचा तास



मागच्या महिन्यात आठवीचा भूगोलाचा तास रिकामा होता, म्हणून मी वर्गावर गेलो. भिंतीवर आशियाचा नकाशा होता. एका मुलाने विचारले, "सर, म्यानमार आणि मंगोलियाची भाषा एकच असेल ना? तिकडचे सगळे सारखेच बोलतात." वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जे वाचले ते इथे लिहितो, कारण त्याचा संबंध आपल्या शाळेपुढच्या एका निर्णयाशी आहे.

आधी मुलाचे उत्तर. या दोन भाषा एक नाहीत, बहिणीही नाहीत. बर्मी ही तिबेटीच्या कुळातली. आपल्या देशातली मणिपुरी तिची नातेवाईक. मंगोल भाषेचे कूळ वेगळे. रशियातल्या बुर्यात आणि काल्मिक या तिच्या भावंडांतल्या.

बर्मी भाषेत सुराला फार महत्त्व. 'खा' हा उच्चार एका सुरात केला तर अर्थ होतो हलवणे, दुसऱ्या सुरात कडू, तिसऱ्यात सेवेत राहणे. आपल्याकडे आई 'खा' प्रेमाने म्हणो की रागाने, अर्थ एकच, ताट संपवा! मंगोल भाषेत असे सूर नाहीत. तिथे स्वरांची शिस्त आहे. स्वरांचे 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोन गट मानतात आणि एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर येतात. 'आव' म्हणजे वडील, 'वडिलांकडून' म्हणजे 'आवास'. 'एज' म्हणजे आई, 'आईकडून' म्हणजे 'एजेस'. प्रत्यय एकच, पण तो शब्दाचा स्वर पाहून आपला स्वर बदलतो.

मग सारखे काही नाहीच का? आहे. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आपल्यासारखेच. 'बि उस ऊन' म्हणजे मी पाणी पितो, शब्दही त्याच क्रमाने. पण वाक्याचा क्रम जुळला म्हणून नाते जुळत नाही. मराठी आणि कन्नड यांचाही क्रम जुळतो, कुळे मात्र वेगळी.

दुसरे साम्य वाचून मला स्वतःला फार आनंद झाला. बर्मी भाषेत मंगळवारला 'इंगा' म्हणतात आणि मंगोल भाषेत मंगळ ग्रहाला 'अंगरग'. दोन्ही आपल्या 'अंगारका'ची रूपे, ज्याच्यावरून आपण अंगारकी चतुर्थी म्हणतो. बर्मीत शनिवार 'सने', मंगोल भाषेत शनी 'सांचिर', म्हणजे आपला शनैश्चर. बौद्ध धर्म आणि ज्योतिष यांच्याबरोबर हे शब्द एकीकडे दक्षिणेकडून गेले, दुसरीकडे मध्य आशियातून. शब्द उसने मिळतात, त्याने भाषा परकी होत नाही.

आता लिपी. बर्मी लिपी ब्राह्मीपासून निघाली. तिची वर्णमाला क, ख, ग, घ अशीच चालते. इ. स. १११३ च्या सुमाराचा म्याझेदी शिलालेख पाली, प्यू, मोन आणि बर्मी अशा चार भाषांत आहे. तेव्हापासून उच्चार पुष्कळ बदलले, पण लिहिण्याची परंपरा तुटली नाही. आजही 'र' लिहितात आणि 'य' वाचतात. रंगून आणि यांगोन ही एकाच नावाची दोन रूपे त्यामुळेच दिसतात. मुलांना शुद्धलेखन अवघड जात असेल, पण जुन्या लेखनाशी धागा टिकला.

मंगोलियात उलट झाले. त्यांची जुनी लिपी तेराव्या शतकात उइगुरांकडून आलेली. ती वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. १९४१ मध्ये तिथल्या सरकारने रशियन वळणाची सिरिलिक लिपी स्वीकारली आणि १९४६ पासून ती सर्वत्र लागू झाली. भाषा तीच राहिली, पण पुढच्या पिढ्यांना आजोबांची पत्रे वाचता येईनात. १९९० नंतर जुनी लिपी परत आणण्याची खटपट सुरू झाली. ती इतकी अवघड ठरली की २०१५ मध्ये कायदा करावा लागला, आणि सरकारी कागद दोन्ही लिपींत काढण्यासाठी १ जानेवारी २०२५ ही तारीख ठरली. सोडायला पाच वर्षे लागली, परत धरायला तीस वर्षांहून अधिक.

हे वाचताना मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात माझ्या आजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. होळकर आणि शिंदे दरबारचा कारभार ज्या लिपीत चालला, ती मला वाचता येत नाही. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीने मला पदवी दिली, नोकरी दिली, तिच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण मराठी घरात बोलण्यापुरती राहिली. नोकरी लागल्यावर पुण्याच्या मावशीला पहिले मराठी पत्र लिहिले, तेव्हा 'माझी पगार' आणि 'माझा नोकरी' असे लिहून गेलो. मावशी काही बोलली नाहीत, उत्तरात फक्त ते दोन शब्द सुधारून लिहिले. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

म्हणूनच गेल्या पालक सभेतली सूचना मला मान्य नाही. सूचना अशी की पाचवीपासून मराठीचे दोन तास कमी करून संगणकाला द्यावेत, कारण "लिपी हिंदीचीच आहे, मुले घरी शिकतीलच". संगणक हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण लिपी एक म्हणून भाषा आपोआप येत नाही. तीन लिंगे, 'ळ', 'चमचा'तला 'च' आणि 'चंद्र'मधला 'च' हे शिकवावे लागते. मीच त्याचा पुरावा आहे.

आणि घरी शिकतील हेही गृहीत धरू नये. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवले, तिथेच १९१६ मध्ये तो वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, तिथेच तिचा संसार झाला आणि मराठीच तिची भाषा झाली. राजघराण्याच्या रक्ताने बर्मी टिकली नाही. भोवती जी भाषा होती ती आली. आपल्या मुलांच्या भोवती कोणती भाषा आहे, याचा पालकांनी संध्याकाळी घरी बसून हिशेब करावा.

विश्वस्तांना माझी विनंती आहे की मराठीचे तास आहेत तितके ठेवावेत आणि संगणकासाठी शनिवारचा जादा तास द्यावा. तो तास मी स्वतः सांभाळीन. पालकांना विनंती की महिन्यातून एक पत्र मुलांकडून आजी-आजोबांना मराठीत, देवनागरीत लिहून घ्यावे. चुका झाल्या तर रागावू नये, मावशींसारख्या सुधाराव्यात. आणि समाजात कोणा वडीलधाऱ्यांना मोडी येत असेल तर त्यांनी शाळेत जरूर यावे. पहिला विद्यार्थी मी असेन. पेटीची किल्ली माझ्याकडेच आहे.

— प्राचार्य