विश्लेषण : नूर इनायत खान ‘राजकन्या’ होत्या की रेडिओ ऑपरेटर?

टिपू सुलतानच्या वंशातील नूर इनायत खान यांची ओळख ‘हेर राजकन्या’ अशी करून दिली जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘एसओई’ या गुप्त संघटनेसाठी पॅरिसमध्ये काम करताना त्या पकडल्या गेल्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ छळछावणीत त्यांना गोळी घालण्यात आली. वय अवघे ३०. मात्र ‘राजकन्या’ या शब्दाच्या झगमगाटात त्यांचे काम झाकले जाते आणि त्यांना पाठवणाऱ्यांच्या चुकाही.

राजघराण्याशी नाते कसे?

नाते पणजीकडून. नूर यांचे वडील, सूफी गुरू आणि वीणावादक इनायत खान यांचा जन्म १८८२ मधला, बडोद्याचा. त्यांचे आजोबा (आईचे वडील) मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली. मौलाबक्ष यांच्या पत्नी टिपूच्या नात होत्या, असे कुटुंबात सांगितले जाते. नूर यांच्या वाट्याला ना राज्य आले, ना तनखा. जन्म मॉस्कोत, आई अमेरिकी, बालपण पॅरिसजवळ. वडील वारले तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. पुढे त्या मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यांचे जातककथांचे पुस्तक १९३९ मध्ये आले. वारसाच सांगायचा तर तो श्रीरंगपट्टणपेक्षा बडोद्याचा अधिक.

काम नेमके कोणते?

पॅरिसहून लंडनला सांकेतिक संदेश पाठवण्याचे. जून १९४३ मध्ये त्या फ्रान्समध्ये उतरल्या. नाझीव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेल्या त्या एसओईच्या पहिल्या महिला रेडिओ ऑपरेटर. सुटकेसमधला असा संच सुमारे १५ किलोंचा. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून ठाण्याला अशी बॅग न्यायची, आणि तपासणीत ती उघडली तर मरण, अशी कल्पना करून पाहा. एका जागी थोडा वेळ जास्त थांबले तरी जर्मनांच्या शोधगाड्या माग काढत. अशा ऑपरेटरचे आयुष्य सहा आठवड्यांचे धरले जाई. नूर पोहोचल्या आणि आठवड्याभरातच त्यांचे जाळे उद्ध्वस्त होऊ लागले. परत बोलावूनही त्या गेल्या नाहीत. तीन महिन्यांहून अधिक काळ त्यांनी काम चालू ठेवले.

चूक कोणाची?

ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे त्या सापडल्या. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती वहीत ठेवणे ही त्यांची गंभीर चूक होती. सूचनेचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला असावा, असे मानले जाते. त्या वहीच्या आधारे जर्मनांनी त्यांच्याच नावाने लंडनला संदेश धाडले. पण मोठी चूक लंडनची. प्रशिक्षकांनी त्यांच्याविषयी शंका नोंदवूनही त्यांना पाठवण्यात आले. त्या पकडल्या गेल्याचा इशारा स्वित्झर्लंडमार्गे आला, तोही दुर्लक्षिला गेला. नंतर पॅराशूटने उतरवलेले काही सहकारी थेट जर्मनांच्या हाती पडले. नूर यांनी मात्र चौकशीत तोंड उघडले नाही. दोनदा पळण्याचा प्रयत्न केला. पुढचे सुमारे दहा महिने त्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडात होत्या.

ब्रिटनने १९४९ मध्ये त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधील त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण २०१२ मध्ये झाले, तेही राजकन्या ॲन यांच्या हस्ते. ज्या साम्राज्यासाठी त्या लढल्या, त्याच्या अधिकाऱ्यांना त्यांनी मुलाखतीतच सांगितले होते, की युद्धानंतर आपण भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहू.