राईनपाड्याची भीती आणि तिच्यामागचा संशय

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती.

अशा हिंसेचे मूळ मनात दडलेल्या भावनांत असते, असे एक मत आहे. कबूल न केलेली लाज रागाचे रूप घेते आणि राष्ट्रांमधील युद्धांमागेही हेच घडते, अशी मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी केली. धुळ्यात जानेवारी 2013 मध्ये उपाहारगृहातील पैशांच्या वादातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. आत साचलेला अपमान आणि अविश्वास विचारात घेतल्याशिवाय एवढ्याशा वादाचा एवढा भडका समजत नाही.

तथापि, या मतावरचा आक्षेप तितकाच वजनदार आहे. लेकराची काळजी प्रत्येक आईबापाला असते, पण म्हणून प्रत्येक जण काठी उचलत नाही. भावनेचे कारण पुढे केले की मारणाऱ्याचा दोष सौम्य होतो. त्यापेक्षा अफवा रोखणे आणि कायदा राबवणे हे हाती असलेले उपाय आहेत. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. व्हॉट्सॲपनेही संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली.

दुसरीकडे, अफवा सगळ्यांपर्यंत पोहोचली असताना मार याच पाच जणांना का बसला, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नाही. मुलांविषयीची भीती तर लोक उघड बोलत होते. झाकलेला होता तो भटक्यांविषयीचा पिढीजात संशय. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पालावरच्या माणसाकडे पाहण्याची नजर अजून पुरती निवळलेली नाही.

न्यायालयाने कृत्यच पाहावे, भावनेची सबब कोणालाही मिळू नये, हे मान्यच. मात्र न्यायालयाचे काम माणसे मेल्यावर सुरू होते, म्हणून आमचे झुकते माप पहिल्या मताला आहे. खानदेशातील ग्रामसभांनी आणि शाळांनी या संशयावर शांततेच्या काळातच उघड बोलावे आणि गावाबाहेर पाल पडले की सरपंच व पोलीस पाटलांनी तिथे विचारपूस करायला जावे, चौकशी करायला नव्हे.