सैन्याला नकोत, भांडवलाला हवेत

संरक्षणाच्या नावाने मंजूर होणारा पैसा खुद्द सैन्यानेच नाकारला, तरी तो खर्च व्हावा असा हट्ट कोण धरतो? याचे उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या लायमा शहरी मिळते. तेथील रणगाड्यांचा कारखाना सरकारी मालकीचा आहे. तो चालविते मात्र 'जनरल डायनॅमिक्स' ही खाजगी कंपनी. 'अब्राम्स' रणगाडे पुरेसे आहेत, नव्या सुधारणांचे काम काही वर्षे थांबवावे, असे सेनाप्रमुख जनरल रे ओडिएर्नो यांनी २०१२ साली संसदेला सांगितले. संसदेने ते मानले नाही. दोन वर्षांत सुमारे ४३ कोटी ६० लक्ष डॉलर सैन्याच्या इच्छेविरुद्ध या कामी लावण्यात आले.

या प्रश्नावर ओहायोचे रिपब्लिकन जिम जॉर्डन आणि डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन एका सुरात बोलत होते. त्यांतले जॉर्डन हे तर सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे कट्टर पुरस्कर्ते! ती कात्री कोठे चालली? नोव्हेंबर २०१३ मध्ये साडेचार कोटींहून अधिक गरिबांच्या अन्नसाह्यात कपात झाली. भुकेल्याची भाकरी हा अपव्यय, आणि अनावश्यक रणगाडा ही राष्ट्रीय गरज, असा हा न्याय आहे.

कारखाना बंद पडला तर कुशल कामगार विखुरतील, असा युक्तिवाद केला जातो. कामगाराची धास्ती खरी आहे. तिची थट्टा कोणा समाजवाद्याने करू नये. परंतु ज्या भांडवलशाहीने पोलाद आणि मोटारींचे कारखाने बंद करताना कामगारांची पर्वा केली नाही, तिला रणगाड्यापाशीच कामगारांचा पुळका यावा, यातले इंगित उघड आहे. येथे गिऱ्हाईक सरकार, नफा हमखास, आणि कामगार ही पुढे धरावयाची ढाल.

ही ढाल होण्याचे ब्रिटनमधील 'लुकास एरोस्पेस'च्या कामगारांनी नाकारले होते. नोकऱ्यांवर गदा येताच त्यांनी १९७६ मध्ये पर्यायी योजना मांडली. त्याच यंत्रांवर, त्याच कौशल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे व इतर समाजोपयोगी वस्तू बनविता येतील, हे सुमारे दीडशे उत्पादनांच्या आराखड्यानिशी त्यांनी दाखवून दिले. व्यवस्थापनाने ती योजना फेटाळली. कारण काय बनवावयाचे हे कामगार ठरवू लागला, तर मालकीचा पायाच हादरतो.

म्हणून कामगार चळवळीची मागणी रोजगारापाशी थांबता कामा नये. आपल्या श्रमातून काय निर्माण व्हावे, हे ठरविण्याचा हक्कही तिने मागितला पाहिजे. तो हक्क मिळेपर्यंत कामगाराची भाकरी शस्त्रांच्या व्यापाऱ्याकडे ओलीस राहील.