आधी टाकी, मग मासे

वुजूच्या पाण्याची कसोटी आपल्याला घरातच शिकवली जाते: रंग, वास आणि चव. फिशटँकच्या पाण्याला ती पुरत नाही. ईदीच्या पैशांतून मुलं टाकी आणतात, दुसऱ्याच दिवशी चार गोल्डफिश सोडतात. पाणी आरशासारखं दिसतं, आणि आठवड्याभरात एकेक मासा उलटा तरंगू लागतो. घरात चर्चा होते नजर लागल्याची. मारणारा असतो बहुधा अमोनिया.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. नदी-तळ्यात काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर त्यांना वसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

तेवढे दिवस टाकी माशांविना चालवायची. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंनाही मारतो, म्हणून क्लोरीन घालवणारे थेंब टाका. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. एक-दोन दिवसांआड चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो, तोच जिवाणूंचा आहार. ओळखीत कुणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, दिवस वाचतात. टेस्ट किट मुलांच्या हाती द्या, वहीत तारखेसमोर आकडे लिहू द्या. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट. पुस्तकातलं नायट्रोजन चक्र इतकं जवळून आम्ही वर्गातही दाखवू शकत नाही. खाद्य टाकूनही दोन्ही आकडे काही दिवस शून्यावर राहिले आणि नायट्रेट दिसू लागलं, की दोनच मासे आणा.

मूल रोज विचारील, ‘अम्मी, मासे कधी?’ मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस त्याला ठाऊक असेलच. मासाही कोंडलेलाच जीव. पाणी बिघडलं तर जाणार कुठे?

मासे आधीच आणले असतील तर खाद्य कमी करा, रोज तपासा, अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की चौथा हिस्सा पाणी बदला. नव्या पाण्यातही थेंब हवेतच. बोअरवेलच्या पाण्याचा पीएच जास्त असेल तर अमोनिया अधिक घातक ठरतो, तिथे ढिलाई नको. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. त्याआधी स्पंज मळला असेल तर त्याच पाण्यात हलका पिळून घ्या; नळाखाली धुतला, तर महिनाभर वसवलेले जिवाणू मोरीत जातील.